समुद्रातले मासे कमी होत असतील, तर मुंबईकरांनी पापलेट खाणं सोडावं का?

सोडायची गरज नाही. पिल्लं विकत घेऊ नका आणि जून-जुलैत पापलेटचा हट्ट धरू नका, त्याने जास्त फरक पडेल. समुद्रातल्या मासळीला शेत लागत नाही, खतही लागत नाही. तिच्याऐवजी ताटात चिकन आलं, तर कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका-सोयाबीन कुठेतरी पिकवावंच लागतं. म्हणजे भार समुद्रावरून जमिनीवर सरकला, इतकंच. खरी गोची अशी की मासा एकदाही अंडी घालायच्या आत जाळ्यात येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मते जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त मत्स्यसाठ्यांतून झेपेल त्यापेक्षा जास्त मासळी काढली जाते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटचा १३५ मिलिमीटर आहे. (त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. मान मिळाला, पण पिल्लं अजून वाट्याने विकली जातात.) त्यामुळे ससून डॉकला जा नाहीतर दादरच्या मंडईत, साधारण वीतभर किंवा त्याहून मोठंच पापलेट घ्या, लहान असेल तर त्या दिवशी दुसरं काही बघा.

एक लक्षात ठेवा: १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. तेव्हा जुलैत कोळणीच्या पाटीत थोडी ताजी मासळी दिसली, म्हणून ती चोरटीच असेल असं समजून तिच्याशी वाद घालू नका.