ध्रुवाची उंची आणि दोरीची गाठ

प्रश्न: दहा सेंटीमीटर उंचीच्या फळीत मधोमध दोरी ओवून जुन्या खलाशांचे ‘कमाल’ बनवले. दोरी दातांत धरून वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून ध्रुवाची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, मोजली, ती 16 अंशच भरली. ही उंची जागेच्या अक्षांशाएवढी हवी. वर्सोव्याचे अक्षांश 19 च्या थोडे वर आहेत. मग तीन अंश गेले कुठे? — एक वाचक, अंधेरी

उत्तर: बहुतेक क्षितिजाने खाल्ले. फळीची वरची कड ताऱ्याला लागली, की खालची समुद्राच्या रेषेवर टेकायला हवी. वर्सोव्याहून समुद्र पश्चिमेला. उत्तरेला पाहाल तर मढचा किनारा आडवा येतो. एक किलोमीटरवरची 50 मीटर उंच इमारत जवळजवळ 3 अंश झाकते. फळी अशा माथ्यावर टेकली, की तेवढी उंची कमी भरणारच.

दातांची गफलत याच्या उलट. 19 अंशांसाठी फळी डोळ्यापासून 30 सेंटीमीटरवर हवी. डोळा दातांच्या दोन सेंटीमीटर मागे असेल, तर दोरी 28 च भरते आणि हिशेबात 20 अंशांहून थोडे जास्त येतात. म्हणून दातांत धरायची जागा दाखवणारी गाठ दोरीला गणिताने मारण्यापेक्षा, ज्या बंदराला परतायचे तिथेच ध्रुव पाहून मारलेली गाठ भरवशाची: माणूस तोच, दात तेच, चूकही दोन्ही वेळा तीच. परतताना ती गाठ जुळेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे, मग तीच उंची राखत किनाऱ्याकडे वळायचे. अर्थात गाठ मारतानाही उत्तरेचे क्षितिज मोकळे हवे. त्यासाठी होडीने बरेच पश्चिमेला जा.

जमिनीवरच मोजायचे असेल तर क्षितिजाचा नाद सोडा. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, केंद्रातून दोऱ्याला वजन टांगा, स्ट्रॉमधून ध्रुव पाहा. दोरा ज्या अंशावर येईल तो 90 मधून वजा करा. आकडा दुसऱ्याने वाचावा. खाऱ्या वाऱ्यात दोरा झुलत राहतो. वजन पाण्याच्या पेल्यात बुडवले की शांत होतो.

एक बारकावा राहिला. ध्रुव नेमका खगोलीय ध्रुवबिंदूवर, म्हणजे आकाश ज्याभोवती फिरताना दिसते तिथे, नाही. सध्या सुमारे 38 कला (60 कला म्हणजे एक अंश) बाजूला आहे, तोही शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने. शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असेल तर 38 कला वजा करा, खाली असेल तर मिळवा, बाजूला असेल तर काहीच करू नका. समुद्रावर एक कला म्हणजे एक सागरी मैल. 38 मैलांची चूक क्षुल्लक नव्हे.

प्रश्न: ध्रुवावरून रेखांशही काढता येतात का? — विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर: नाही. त्यासाठी इतर तारे, सेक्स्टंट (उंचीचा कोन मोजायचे यंत्र), नाविक पंचांग (ताऱ्यांच्या जागांची वेळेनुसार कोष्टके) आणि मुख्य म्हणजे नेमके घड्याळ लागते. पृथ्वी 4 सेकंदांत एक कला फिरते, म्हणून घड्याळ तेवढे चुकले तर मुंबईच्या अक्षांशावर जागा पावणेदोन किलोमीटर सरकते. पंचांगातली वेळ जागतिक असते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. मोजमाप संधिप्रकाशातच उरकावे, सूर्य क्षितिजाखाली 6 ते 12 अंश असताना. मुंबईत ही मुदत साधारण 25 मिनिटांची. त्याआधी तारे दिसत नाहीत, नंतर क्षितिज. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग आखूच नका.