वय २७, सीट हातात, भरायला आठ दिवस: एमबीएला आत्ताच जावं का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातले बाप-लेक माझ्याकडे सल्ल्याला आले ते एका खासगी संस्थेचं ऑफर लेटर घेऊनच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वय २७. पिथमपूरला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला चार वर्षं, हातात पगार ३४,०००. कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, ८४ पर्सेंटाइल (शंभरातल्या ८४ जणांच्या पुढे). दोन वर्षांची फी आणि हॉस्टेल मिळून १२ लाख, आणि सीट राखायला आठ दिवसांत ५०,००० भरायचे. ‘यंदा नाही गेलो तर वय निघून जाईल’ हे त्याचं पहिलंच वाक्य. बाबा पीएफ काढायला तयार होते.

नोकरी करणाऱ्या मुलांना ही धास्ती हमखास असते, म्हणून आधी तिचाच निकाल लावला. कॅटला वयाची अट नाही, कितीदा द्यावी यालाही मर्यादा नाही. पदवीला ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४५. आयआयएम इंदूरचा ईपीजीपी, म्हणजे नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठीचा एक वर्षाचा व्यवस्थापन अभ्यासक्रम, तर किमान पाच वर्षांच्या अनुभवाशिवाय मिळतच नाही. म्हणजे ज्या वर्षांची त्याला भीती वाटत होती, तीच त्याच्या जमेची बाजू होती.

मग कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. १२ लाखांचं कर्ज, दर वर्षी सहा लाख उचलायचे, व्याज १० टक्के धरलं. शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. पहिल्या सहा लाखांवर तीन वर्षांचं १ लाख ८० हजार, दुसऱ्यावर दोन वर्षांचं १ लाख २० हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणं १५ लाखांचं झालेलं असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १९,८०० आणि सात वर्षांत फेडायचं तर २४,९००. शिवाय सोडलेला पगार, दोन वर्षांचा ८ लाख १६ हजार. ही रक्कम घरात कुणी धरलीच नव्हती. बँक साडेसात लाखांच्या वर बहुतेक वेळा तारण मागते, म्हणजे घराचे कागद. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत विनातारण कर्ज मिळतं, पण यादीतल्या संस्थांसाठीच, आणि ही संस्था त्या यादीत नव्हती. बाबांना स्पष्ट सांगितलं: पीएफला हात लावू नका. मुलाला शिक्षणासाठी कर्ज मिळतं, तुम्हाला म्हातारपणासाठी कुणी देणार नाही.

एवढा हप्ता झेपेल का, हे पुढच्या नोकरीवर ठरतं. माहितीपत्रकात ‘सर्वोच्च पॅकेज’ ठळक छापलं होतं. ते एकाच विद्यार्थ्याचं असतं. संस्थेला ईमेलवर तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: तुकडीत किती जण होते, त्यांतल्या किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला) किती, तोही बोनस-इन्सेंटिव्ह वगळून. उत्तरात फक्त सरासरी आली. दोन-चार मोठे आकडे सरासरी वर ओढतात, मध्यक हलत नाही. म्हणून मध्यकच मागायचा. मग त्याने लिंक्डइनवर मागच्या तुकडीतले वीसेक जण शोधले. बहुतेक बँका आणि विम्याच्या विक्रीत होते. याला जायचं होतं सप्लाय चेनमध्ये, म्हणजे मालाची खरेदी, साठा आणि पुरवठा सांभाळणाऱ्या कामात. तिथेच त्याचा चेहरा उतरला, आणि खरं बोलणंही तिथूनच सुरू झालं.

८४ का आले, हे त्याने कधी तपासलंच नव्हतं. स्कोअरकार्डात क्वांट (गणित) ९२ आणि डीआयएलआर (तक्ते-आलेख आणि तर्क) ५८ पर्सेंटाइल. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, मधे विभाग बदलता येत नाही. डीआयएलआरमध्ये तो दिसेल तो सेट (एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न) सोडवायला घ्यायचा आणि एकही पुरा व्हायचा नाही. बहुपर्यायी प्रश्नाला चुकीच्या उत्तराचा एक गुण जातो, तो वेगळाच. शिवाय चांगल्या संस्था प्रत्येक विभागाचा कटऑफ लावतात, त्यामुळे एका विभागात अडकलं की एकूण पर्सेंटाइल चांगलं असूनही कॉल येत नाही. त्याला सांगितलं: पहिली पाच-सहा मिनिटं सगळे सेट नुसते वाच, दोन निवड आणि ते पुरे कर, वेळ उरला तरच तिसरा. रोज शिफ्टहून आल्यावर दोन सेट, रविवारी एक मॉक (पूर्ण सराव परीक्षा), आणि मॉकला जेवढा वेळ दिला तेवढाच चुका तपासायला. भंवरकुआवरच्या नव्या क्लासची फी भरण्याआधी हे तीन महिने करून बघ, असं मी ठासून सांगितलं.

त्याने ५०,००० भरले नाहीत. नोकरी सुरू आहे, ऑगस्टमध्ये कॅटचा फॉर्म भरायचा आहे. सोबत एक्सएटी ही एमबीएचीच दुसरी प्रवेश परीक्षा, आणि कमी फीचा पर्याय हाताशी असावा म्हणून देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आयएमएस या व्यवस्थापन विभागासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. कारखान्यात वरिष्ठांकडे त्याने व्हेंडर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांच्या मालाचा दर्जा तपासायचं काम मागून घेतलंय. मुलाखतीत सप्लाय चेनबद्दल बोलायला हातचं काहीतरी हवंच.

ज्यांनी घाईत पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी: संस्था एआयसीटीई-मान्य (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मान्यता असलेली) असेल आणि तुम्ही अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश सोडलात, तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळायला हवी. मूळ कागदपत्रंही त्यांना अडकवून ठेवता येत नाहीत. अर्ज ईमेलवर करा, तारखेची नोंद राहते.