मुलगा गोल्फ कार्टच्या इंजिनाचे सुटे भाग स्वतः बनवतो. त्याला अभ्यासाकडे कसे वळवावे?

प्रश्न: मुलगा बारावी विज्ञान शाखेत 61 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाला, सीईटीचा निकालही बेताचाच लागला. पाचगणीच्या एका रिसॉर्टमधील जुन्या पेट्रोल गोल्फ कार्टच्या इंजिनाचे भाग तो मामाच्या लेथवर बनवत बसतो. त्याने एक वर्ष थांबून जेईईची तयारी करावी आणि कॉम्प्युटर शाखेला प्रवेश घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी कोणता क्लास योग्य ठरेल?
– एक पालक, सातारा

उत्तर: आपले सविस्तर पत्र वाचले. मुलाच्या गुणांची मला विशेष काळजी वाटली नाही, पण पत्राच्या शेवटी आपण जे सहज लिहून गेला आहात, त्याची मात्र वाटली. मुलाने रिसॉर्टकडून मिळालेल्या पैशांतून घेतलेली व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने आपण कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत आणि जेईईला तयार होईपर्यंत त्याच्याशी बोलायचे नाही असे ठरवले आहे. अठरा वर्षांच्या मुलाशी अबोला धरून त्याच्याकडून मिळवलेला होकार फार तर क्लासची फी भरेपर्यंत टिकतो. नोव्हेंबर उजाडला की तोच मुलगा क्लासच्या मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी गिरवत राहतो आणि घरी मात्र अभ्यास छान चालला आहे असे सांगतो. त्याला खोटे बोलायला आपणच शिकवलेले असते. मेहुण्यांच्या कारखान्याला आपण पत्रात दोन वेळा भंगारखाना म्हटले आहे, आणि मुलाच्या आईचे या सगळ्याविषयी काय मत आहे हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. मुलाचे स्वतःचे म्हणणे सांगणारे एकही वाक्य पत्रात नाही. म्हणून क्लासचे नाव सुचवण्याचे मी टाळतो. या मुलाने वर्ष वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा, कारण तुमचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. ‘तो फक्त असलेल्या भागाची नक्कल करतो, त्यात बुद्धीचे काम काय?’ असे आपण विचारता. त्या कार्टला रॉबिनचे दोन सिलिंडरचे 295 सीसीचे इंजिन आहे असे आपण लिहिले आहे. रॉबिन इंजिने बनवणाऱ्या सुबारू कंपनीने 2017 मध्ये औद्योगिक इंजिनांचे उत्पादन थांबवले, त्यामुळे अशा इंजिनाचा एखादा भाग बाजारात मिळाला नाही तर तो बनवूनच घ्यावा लागतो. मुलाने बनवलेल्या व्हॉल्व्ह गाईडचेच, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून वर-खाली सरकतो त्या नळीचेच उदाहरण घ्या. जुने गाईड काढून त्याचे माप घेतले, तर हाती येते ते झिजलेल्या भोकाचे माप, आणि तेही दोन्ही तोंडांशी वेगळे आणि मधोमध वेगळे; त्याची हुबेहूब नक्कल करणारा कारागीर झिजेचीही नक्कल करतो आणि नवे गाईड बसवूनही सायलेन्सरमधून निळा धूर येतच राहतो. मूळ माप काय असले पाहिजे, हे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या न झिजलेल्या भागावरून ताडावे लागते, दांडा आणि गाईड यांच्यात शतांश मिलिमीटरमध्ये मोजावी लागणारी फट ठेवावी लागते, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह अधिक तापत असल्यामुळे तिथे ती थोडी जास्त ठेवावी लागते. पुढचा प्रश्न आणखी अवघड आहे. गाईड ज्यात बसवतात ते इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असते, आणि अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. बारा मिलिमीटर व्यासाचे बिडाचे गाईड थंड असताना घट्ट बसले, तरी तापमान शंभर अंशांनी वाढताच ती पकड सुमारे 0.014 मिलिमीटरने सैल होते. हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे, आणि त्या प्रकरणात आपल्या मुलाला किती गुण होते हे मला ठाऊक नसले, तरी त्याने गाईडसाठी बीड न घेता फॉस्फर ब्रॉन्झ का घेतले, हे आपण त्याला विचारावे. त्याचे उत्तर ‘मामाकडे तोच तुकडा पडला होता’ असे असेल, तर त्याला शिकायला खूप बाकी आहे. ब्रॉन्झ बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते म्हणून ते वापरले असे त्याने सांगितले, तर आपण चुकीच्या मुलाला कुलूप लावले आहे.

आता मुलासाठी दोन शब्द, ते त्याला वाचून दाखवावेत. त्याने गव्हर्नरची स्प्रिंग बदलून गाडी ‘चांगली पळती केली’, असे आपण काहीशा अभिमानाने लिहिले आहे. हे काम मला अजिबात पटलेले नाही. गव्हर्नर असतो तो अशी गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत ठेवण्यासाठी, कारण बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना आणि तेही केबलवर चालणारे असतात. पाचगणीच्या उतारावर चार पाहुणे बसलेली गाडी त्या ब्रेकला आवरली नाही, तर स्प्रिंग कोणी बदलली हेच प्रथम विचारले जाईल. स्टार्टर जनरेटरच्या ब्रॅकेटचे बुश, कार्ब्युरेटरचे गॅस्केट, ड्राईव्ह क्लचमधील नायलॉनची बटणे त्याने खुशाल बनवावीत. पेडल दाबताच इंजिन सुरू आणि सोडताच बंद, अशी या गाडीची रीत असल्यामुळे तो बुश आणि स्टार्टर जनरेटरचा पट्टा दिवसभर झिजतच असतात, आणि त्यांना पर्याय शोधणे हे उपयोगाचे काम आहे. कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील आणि ब्रेकचा कोणताही भाग मात्र लेथवर अंदाजाने बनवायचा नसतो. कुठे थांबायचे हे ज्याला कळत नाही, त्याला मी मिस्त्री म्हणणार नाही, इंजिनिअर तर नाहीच.

मार्गांविषयी थोडक्यात सांगतो. बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि तिथून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका आहे, तिची वयोमर्यादा आणि प्रवेशपरीक्षेची तारीख आधी पाहून घ्यावी. सीईटीच्या गुणांवर मेकॅनिकलची जागा मिळत असेल, तर तीही घेण्यासारखी आहे. आता नव्या बग्ग्या बॅटरीवर चालतात म्हणून हे कौशल्य निरुपयोगी ठरेल, ही आपली भीती मला पटत नाही; बॅटरीवरच्या गाडीलाही बेअरिंग, किंगपिन, डिफरन्शियल आणि ब्रेक असतातच, आणि मापाचे काम तिथेही तेच असते. कॉम्प्युटर शाखेविषयी माझा काही आकस नाही, परंतु ज्याने ती मागितलेली नाही त्याच्यासाठी ती मागणारे आपण एकटेच आहात.

कपाटाचे कुलूप आजच काढावे. गव्हर्नरची जुनी स्प्रिंग मुलाने या आठवड्यातच पुन्हा बसवावी आणि तसे रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना स्वतः जाऊन सांगावे. त्यानंतर त्याने त्या व्हॉल्व्ह गाईडचे एक ड्रॉइंग कागदावर काढून मला पाठवावे, त्यात मापे, मापात कमी-जास्त अशा दोन्ही बाजूंना चालणारी सूट, वापरलेला धातू आणि तो का निवडला याची चार ओळींत कारणे असावीत. पदविका की पदवी, याविषयी मी ते ड्रॉइंग पाहूनच लिहीन, आणि तेही उत्तर आपल्या नावे न पाठवता त्याच्या नावे पाठवीन.