प्रश्न तुमचे : ‘मी आलो’ म्हणणारी लेक

प्रश्न : आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार. आम्ही २०११ साली पुण्याहून न्यू जर्सीतील एडिसनला आलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती; आता ती सतरा वर्षांची आहे. पुण्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. येथे यजमानांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला एच-फोर व्हिसा मिळाल्यामुळे पहिली सहा वर्षे मला नोकरी करता आली नाही. ग्रीन कार्डाची वाट आम्ही अजून पाहत आहोत. २०२१ साली माझे वडील गेले. एकदा देशाबाहेर पडल्यावर परतीचा व्हिसा वेळेत मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून मी गेले नाही. कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत दार लावून मी अंत्यविधी फोनवर पाहिला. मुलीला मात्र ऑफिसची मीटिंग असल्याचे सांगितले.

दहा वर्षांची होईपर्यंत ती माझ्याशी मराठीतच बोलत असे. एकदा व्हिडिओ कॉलवर ती “आजी, मी आलो” असे म्हणाली आणि पुण्यातली सगळी मंडळी हसली, आम्हीही हसलो. पुढे हळूहळू तिचे मराठी कमी होत गेले. रविवारची मराठी शाळा तिने सोडली. आता मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. औषधांच्या दुकानात फोन करून मी आडनावाची अक्षरे सांगू लागले, की ती माझ्या हातातून फोन काढून घेते. गेल्या महिन्यात शब्दाला शब्द वाढून मी म्हणाले, “तुझ्यासाठी मी सगळं सोडून इथे आले.” त्यावर ती म्हणाली, “मी सांगितलं होतं का?” तेव्हापासून कामापुरतेच बोलणे उरले आहे. मराठीचा आग्रह मी धरावा की सोडून द्यावा?
— एक आई, एडिसन

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. “मी सांगितलं होतं का?” हे वाक्य मुलीने मराठीत उच्चारले, की तुम्ही आमच्यासाठी मराठीत लिहिले? ते तिने मराठीत उच्चारले असेल, तर तिची भाषा गेलेली नाही, हे निश्चित समजा. ती गप्प झाली आहे, आणि कधी झाली ते तुम्हीच जाता जाता लिहून गेला आहात. दहा वर्षांच्या मुलीने घरात सर्वांत जास्त ऐकलेला ‘मी आलो’ हा वडिलांचा असणार. तो तिने उचलला. कोल्हापुरात जन्मलेली मुलगी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणते आणि तिला कोणी हसत नाही. तुमच्या लेकीला मात्र आपल्याच माणसांचे हसणे जिव्हारी लागले. जी भाषा बोलली की हसे होते, ती भाषा शहाणे मूल आपण होऊन मिटून ठेवते. म्हणून आग्रहाच्या आधी त्या प्रसंगाबद्दल तिची क्षमा मागा. यापुढे ती चुकली, तर वाक्य मध्येच तोडू नका. तिच्या म्हणण्याला उत्तर देताना तोच शब्द नीट वापरा आणि पुढे चला. ती इंग्रजीत बोलली तरी तुम्ही मराठीच बोलत राहा.

आता मला थोडे कठोर लिहावे लागत आहे. “तुझ्यासाठी सोडलं” हे वाक्य खरे नाही. तीन वर्षांच्या मुलीसाठी तुम्ही एडिसनला आला नव्हता. तो नवराबायकोचा निर्णय होता, आणि नोकरी तुम्हाला कायद्याने सोडायला लावली. तुमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या असंख्य स्त्रियांची उमेदीची वर्षे स्वयंपाकघर आणि शाळेची बस यांच्यामध्ये गेली. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला आहे, त्यांना कामाचा परवाना मागता येऊ लागला. त्याआधीच्या वर्षांचे दुःख खरे आहे आणि ते मोठे आहे. पण त्याची वसुली या मुलीकडून करणे अन्यायाचे आहे. ती सतरा वर्षांची आहे, आणि त्या वाक्याचा बोजा तिने किती वर्षे न बोलता वाहिला असेल, याचा विचार करून पाहा.

तुम्ही ज्याबद्दल विचारलेले नाही, ती गोष्ट मला याहून मोठी वाटते. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर जे मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेत गेले, त्यांच्यातील बहुतेकांना कायमचे राहण्याचा हक्क तुलनेने लवकर मिळाला. त्यांनीच १९६९ मध्ये शिकागोत महाराष्ट्र मंडळ काढले आणि १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे केले. त्या घरांतल्या मायलेकींचे वाद गणपतीला साडी नेसण्यावरून किंवा शाळेच्या नाचाच्या पार्टीवरून होत; आपण या देशात राहणार की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे सहसा नसे. तुमच्या घरात तो आहे. नोकरीच्या आधारावर दरवर्षी जी ग्रीन कार्डे दिली जातात, त्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत, आणि भारतीयांची रांग त्यामुळेच इतकी लांबली आहे. तुमची लेकही एच-फोरवरच आहे. कामाच्या परवान्याचा २०१५ चा नियम मुलांना लागू नाही, त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून चार पैसे मिळवतात, तेव्हा तिला काहीतरी सबब सांगावी लागत असेल. वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की तिचा हा व्हिसा संपेल. तोवर ग्रीन कार्ड आले नाही, तर तिला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, नाहीतर जी भाषा बोलताना तिला हसतात, त्या गावी परतावे लागेल.

तुम्ही तिला अमेरिकन समजता, ती तुम्हाला भारतीय समजते, आणि तुम्ही दोघी उभ्या आहात त्याच एका कागदावर. पहिली सहा वर्षे तुम्ही जे सोसले, ते आज ती सोसते आहे, आणि ते तिला समजावून सांगू शकेल असे घरात तुमच्याशिवाय कोणी नाही. तिच्यापुढे त्यागाची यादी ठेवू नका. परवाना नसताना दुपारी घरात काय वाटायचे, पहिल्या पगाराचे तुम्ही काय केले, हे जसे घडले तसे सांगा. वडिलांच्या अंत्यविधीचेही सांगा. तेव्हा ती तेरा वर्षांची होती; मीटिंग संपवून बाहेर आलेल्या आईचे डोळे तिने पाहिले नसतील, असे मला वाटत नाही. ती हातातून फोन काढून घेते, तेही लाजेपोटीच असेल असे धरून चालू नका. पलीकडचा माणूस आईला तिसऱ्यांदा अक्षरे विचारतो, हे तिला सहन होत नसेल.

कागदपत्रांचे काम लांबवू नका. तिघांनी मिळून वकिलाकडे जा, आणि प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या. एच-फोरवरील विद्यार्थ्यांना अमेरिकी केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य मिळत नाही, म्हणून फी राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या दराने आकारणार की बाहेरच्यांच्या, हे प्रत्येक कॉलेजकडून अर्ज करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्या. या बैठका घरी मराठीत झाल्या, तर मराठी शाळेत जे साधले नाही तेही थोडेफार साधेल.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांपासून टेक्सासमध्ये आहे. फोनवर ती नेहमी “सगळं छान आहे” एवढेच म्हणते. नातीला माझे मराठी नीट कळत नाही. मी या वयात इंग्रजी शिकावे का?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आवड असेल तर अवश्य शिका, नातीसाठी म्हणून शिकण्याची गरज नाही. तिला एखादे काम सांगा. भडंग कसे करायचे ते फोन समोर ठेवून करून दाखवा आणि तिच्याकडूनही करून घ्या. मुरमुरे, लसूण, शेंगदाणे हे शब्द हातातल्या वस्तूंबरोबर तिच्या तोंडात येतील. ती चुकली, तर हसू नका. मुलीचे मात्र मला वेगळे वाटते. रोज “छान आहे” म्हणणारी लेक बहुधा तुमची झोप राखत असते. तिला “कशी आहेस?” असे विचारू नका. तिच्या वयाची असताना तुम्हाला जे जड गेले आणि तुम्ही कोणाला सांगितले नाही, ते तिला आधी सांगा, आणि मग फोनवर थोडा वेळ काही न बोलता थांबा.