काल्याचे कीर्तन, काळ्याचे नव्हे

घणसोलीच्या एका वाचकांचा प्रश्न असा: गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापायला दिली. मजकुरात 'काल्याचे कीर्तन' होतं, ते छापखान्यातल्या मुलानं 'काळ्याचे' केलं. म्हणाला, काला हिंदी शब्द आहे, शुद्ध मराठीत काळा. घरी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "काला बी कालाच नि काला बी कालाच." मुलीनं विचारलं, कृष्ण काळा म्हणून काळ्याचं कीर्तन का? तर बरोबर काय, आणि काला म्हणजे दहीहंडीच ना?

काल्याचे. त्या मुलाला सांगा, मराठी शुद्ध करायला घेण्याआधी एकदा सप्ताहाला येऊन बसत जा.

ही एकट्या छापखान्याची तक्रार नाही. दर श्रावणात ठाण्यात फलक लागतात आणि दर श्रावणात माझं डोकं उठतं. 'गोपाळकाळा', 'गोपालकाला', 'दहीकाळा'. नौपाड्यातून तीन हात नाक्यापर्यंत चालत गेलं की तिन्ही वाचून होतात. वर पुन्हा 'काला फोडणार' असंही लिहितात. काला कसा फोडणार? फुटते ती हंडी. हंडी हे मडकं, काला हा मडक्यातला ऐवज. २०१२ साली ठाण्यात नऊ थरांचा विक्रम झाला तेव्हा थर सगळ्यांनी मोजले, पण हंडीत लाह्या होत्या का हे कुणी विचारलं नसेल. आता हंडीपेक्षा तिच्याखालचा बक्षिसाचा आकडा मोठा. तुमचा दुसरा प्रश्न इथेच संपला.

आजींचं मात्र चुकलेलं नाही. आगरी-कोळी बोलीत 'ळ' नाहीच, नारळी पौर्णिमासुद्धा नारली पुनव होते. त्यांच्या तोंडी रंगही काला आणि प्रसादही काला. त्यांना कधी घोटाळा झाला नाही, कारण एक डोळ्यांनी कळतो आणि दुसरा जिभेला. घोटाळा होतो तो बोली ऐकून मनातल्या मनात 'ल'चा 'ळ' करत सुटणाऱ्या शहाण्यांचा.

काला कशाकशाचा असतो हे मी लिहीत बसत नाही, तुमच्या गावात तो माझ्यापेक्षा चांगला होत असणार. फक्त एक सांगतो. माझी आई लाह्या, पोहे, दही, काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आलं-मिरची, लोणच्याचा खार हे सगळं परातीत घ्यायची आणि कोपरापर्यंत हात धुऊन मग हातानंच कालवायची. चमचा दिला तर म्हणायची, "चमच्यानं ढवळतात, कालवतात हातानं." व्युत्पत्तीचा पहिला धडा मला त्या परातीपाशी मिळाला. कालवणे, कालवण, जिवाची कालवाकालव, ही सगळी काल्याची भावंडं. आपल्याकडे कालवण म्हणजे माशाचं पातळ कालवण. यमुनेत हात धुवायला गेलेल्या गोपाळांचं उष्टं मिळावं म्हणून देव मासे होऊन आले, ही कथा काल्याच्या कीर्तनात तुम्ही ऐकली असेलच. ती ऐकताना पहिल्या रांगेतल्या माळकरी आजोबांच्या मनात कालवणाची काय आठवण येत असेल, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. (खाडीतली कालवं मात्र वेगळी. त्यांना या घरात घेऊ नका.)

आता खरी गंमत. मराठीत 'ल' कुठे राहतो आणि 'ळ' कुठे होतो, याला नियम आहे. जुन्या शब्दात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो. तोच ल प्राकृतात जोडीनं, म्हणजे ल्ल असा असेल, तर मराठीत एक ल गळतो आणि दुसरा ल म्हणूनच राहतो. फल, म्हणून फळ. फुल्ल, म्हणून फूल. एकाच फांदीवर दोघं, पण ल वेगळा! गल, म्हणून गळा. गल्ल, म्हणून गाल. मूलचं मूळ झालं, पण मूल्यचं आधी मुल्ल आणि मग मोल. बिल्वचं बिल्ल आणि मग बेल. कला, बल असे जसेच्या तसे उचललेले संस्कृत शब्द यात धरायचे नाहीत.

हा नियम हातात घेतला की निम्मे वाद बसल्या जागी मिटतात. काळा रंग संस्कृत 'काल'पासून, एकटा ल, म्हणून काळा. श्यामलचा सावळाही त्याच वाटेनं आला. तेव्हा मुलीला सांगा, कृष्ण काळा आहे, सावळा आहे, पण काल्याचा त्याच्या रंगाशी संबंध नाही. बरेच बुवा सांगतात की काळाला जिंकतो तो काला. कीर्तनात टाळ्या घ्यायला ठीक आहे, पण यमाचा काल मराठीत काळच होतो. टाळ्या पडल्या म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

आमच्या तलावपाळीच्या सकाळच्या फेरीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक असतात. त्यांचं म्हणणं, काला हा 'कल्' धातूवरून. कलन, संकलन, म्हणजे एकत्र करणं. चांगले विद्वान आहेत, पण संस्कृतच्या माणसाला प्राकृताच्या दारातून वाकून जायचं जिवावर येतं. सर, 'कल्'चं मराठीत काय झालं ते आपल्या रोजच्या तोंडात आहे: कळणे! तिथेही ळच. मग काल्यात ल कुठून राहिला? त्याच्या पोटात कुठेतरी 'कल्ल' असलंच पाहिजे.

आणि 'कल्ल' आहे. संस्कृतात 'कल्य' म्हणजे पहाट, प्राकृतात 'कल्ल'. आपला 'काल', म्हणजे कालचा दिवस, त्यातूनच आला. (सकाळमधला काल एकट्या ल-चा, म्हणून तिथे ळ. काल आणि सकाळ शेजारी ठेवून बघा, मी यावर एक आख्खी दुपार घालवली आहे.) या कल्यवरून 'कल्यवर्त', म्हणजे सकाळची न्याहारी. हिंदीतला कलेवा तोच. माझा लाडका तर्क असा की आपला काला हा मुळात गोपाळांचा कलेवा. रात्रीचा भात, त्यावर दही, प्रत्येकाची शिदोरी वेगळी, ती रानात एकत्र केली की झाला काला. हाताने मिसळण्याला कालवणे म्हणायला लागले ते त्यानंतर. कोशात हे शोधू नका, तिथे काला म्हणजे मिश्रण एवढ्यावर भागवतात.

आता भागवत काढा. दशम स्कंधाचा बारावा अध्याय सुरूच होतो तो इथून: रानात जेवायचं मनात धरून कृष्ण पहाटे उठतो आणि शिंग फुंकून सवंगड्यांना उठवतो. पहाटे! मध्ये अघासुर आडवा येतो, त्यात वेळ जातो, आणि तेराव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, दिवस वर आला, भूक लागली, इथेच बसू. मग त्याच्या डाव्या हातात तो मऊ घास येतो. मूळ शब्द 'मसृणकवल'. न्याहारीला उशीर झाला तो असा, आणि काल्याचं कीर्तन दहा ते बारा असतं ते उगाच नाही.

अजून ऐका. 'मृच्छकटिक' नाटकाच्या पहिल्या अंकात विदूषक पैशाला शिव्या घालतो. त्याच्या प्राकृतात पैसा म्हणजे 'कल्लवत्त', न्याहारीएवढी चिल्लर. आणि हा पैसा, म्हणतो, गांधीलमाशीला भ्यालेल्या गोपाळांच्या पोरांसारखा, जिथे खाल्ला जाणार नाही तिथे पळतो. कल्ल आणि गोपाळ एकाच वाक्यात! हे सापडलं त्या दिवशी मी जांभळी नाक्यावरून अर्धा किलो लाह्या आणल्या. योगायोग म्हणणारे म्हणोत.

सर म्हणालेच. शिवाय त्यांनी विचारलं, चुना कालवतात, चिखल कालवतात, त्यात न्याहारी कुठे आली? मी म्हटलं, चहा सांगू या.

तुकोबांना यातलं काही नको होतं. त्यांना वैकुंठाची उणीव दाखवायला काला पुरला:

उपजोनियां पुढती येऊं । काला खाऊं दहींभात ॥
वैकुंठीं तों ऐसें नाहीं । कवळ कांहीं काल्याचें ॥

पुन्हा जन्म घेऊ, पण काला खाऊ. मोक्ष नको म्हणायला लोक काय काय कारणं देतात, तुकोबा दहीभाताचं देतात. इथला 'कवळ' तोच, भागवतातला 'कवल'. एकट्या ल-चा, म्हणून ळ. आणि त्याच ओळीत 'काल्याचें' ल-नं! नियम एका ओळीत दोनदा पाळलेला. पुढे 'एकमेकां देऊं मुखीं' आहे. म्हणजे कुणी कुणाच्या तोंडात घास घालायचा, जात विचारायची नाही. आषाढी पौर्णिमेला पालख्या परतायच्या आधी गोपाळपुरात काला होतो, तिथे हे बघायला मिळतं. अनोळखी माणूस तुमच्या तोंडात लाह्या कोंबतो आणि पुढे जातो.

हां, पत्रिका. काला, काल्याचे. काळा, काळ्याचे. छापून झाल्या असतील तर पुन्हा खर्च करू नका, पोरांना बसवून काळ्या पेनानं दुरुस्त करून घ्या. आणि 'काला कीर्तन' असं चा-ची-चे गाळून लिहायची नवी टूम निघाली आहे, ती तर मुळीच नको.