जलरंगात घरातल्या साध्या खोल्या रंगवायच्या आहेत. कोणाची चित्रं पाहू?

स्वीडनच्या कार्ल लार्सनची. सुंडबोर्न गावातल्या स्वतःच्या घराच्या खोल्या त्याने 1894च्या पावसाळी उन्हाळ्यात रंगवायला घेतल्या, त्याही बायको कारिनच्या सांगण्यावरून. त्या घरातलं विणकाम आणि बरंचसं फर्निचर तिच्याच कल्पनेतलं, त्यामुळे मला ही चित्रं दोघांची वाटतात. एका चित्रात खिडकीत कुंड्या आहेत आणि मुलगी झाडांना पाणी घालतेय, एवढंच! आधी रेषा बघा: ठाम, स्पष्ट, आणि आत पातळ, सपाट रंग. उजेड असतो तो बहुतेक कोरा सोडलेला कागदच. म्हणून पांढरा रंग शेवटी थापू नका, उजेडाच्या जागा पहिल्यापासून राखून ठेवा. मूळ चित्रं स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.