पाळी जाऊन १५-१६ वर्षं झाल्यावर हार्मोन थेरपी सुरू करावी का?

तुमच्या आईंचं वय ६६, पाळी पन्नाशीत गेली आणि आता मैत्रिणीचं ऐकून हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या म्हणतायत. सरसकट 'नाही' म्हणता येत नाही, पण माझा कल नाहीकडेच.

साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केली, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, धोका कमी. त्यानंतर पारडं फिरतं. तोवर रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बसलेले असू शकतात, आणि पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर शरीरात कमी होणारं स्त्री-हार्मोन, या थेरपीतलं मुख्य औषध) यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवतं. हार्मोन थेरपीवरचा, अमेरिकेतला २००२ साली गाजलेला अभ्यास आठवतो? त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला पक्षाघाताचे सुमारे ८ रुग्ण जास्त निघाले.

आधी विचारा, त्रास नेमका काय आहे? योनीत कोरडेपणा, लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन असेल (आया हे मुलांना सांगत नाहीत!), तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम सत्तरीतही चालतं, रक्तात फारच थोडं उतरतं. हाडांसाठी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करा, त्याची औषधं वेगळी आहेत. फक्त गरम वाफाच (अंगातून अचानक उष्णता उसळणं) असह्य असतील, तर त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेल किंवा पॅचबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच.

स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हार्ट अटॅक किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर गोळ्यांचा विषयच नको. आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी आधी सोनोग्राफी.